नखांपुरती काकी

नखं रंगवायला पार्लर लागत नाही. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून हात बुडवून बसायचं. नखाच्या मुळाशी चिकटलेली कातडी मऊ झाली की कापडाने हलकेच मागे सारायची, सगळ्या नखांना एकसारखा आकार द्यायचा आणि रंगाचा पातळ हात द्यायचा. तो पुरता सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, बायका घाई करतात ती इथेच. टिपक्यांसाठी केसातली पिन घ्यायची. दुधाच्या पिशवीच्या तुकड्यावर पांढऱ्या रंगाचा थेंब घेऊन त्यात पिनेचं गोल टोक बुडवायचं आणि नखावर नुसतं टेकवायचं. मध्ये एक, भोवती पाच, की झालं फूल.

हे सगळं मी मोबाइलवर बघून शिकले. नवरा गेल्यावर शहापूरला एका कटलरीच्या दुकानात बांगड्या-टिकल्या विकायला लागले. तिथल्या अर्धवट वाळलेल्या बाटल्या मालकीणबाई मला देऊन टाकायच्या. सुट्टीच्या दिवशी किन्हवलीतल्या आमच्या ओट्यावर आळीतल्या पोरी हात पसरून बसत. स्वतःच्या नखांना मी एकदाच रंग लावला, तोही इतका फिकट की कोणाला दिसू नये. जावेला दिसलाच. "कोनाला दाखवायचंय गो?" एवढंच ती म्हणाली. मी संध्याकाळी पुसून टाकला. तिला दोन शब्द सुनावायला हवे होते, ते राहिलेच.

याच जावेची मुलगी, माझी पुतणी, माझ्या कडेवर वाढली. मला मूल नाही. आई शेतावर गेली की ती माझ्याकडेच जेवायची, माझ्याकडेच झोपायची. तिचं लग्न मुरबाडकडे ठरलं तेव्हा मालकीणबाईंकडून मी पहिल्यांदाच नव्या, सीलबंद बाटल्या विकत घेतल्या.

हळदीच्या दिवशी सकाळी ती हात पुढे करून बसली.

"हळद उतरल्यावर लावू," मी म्हटलं. "फिकट रंगावर हळद बसली की जात नाय."

"नाय गो काकी, फोटो हळदीचेच जास्त काढतात."

"मग निदान मरून रंग लाव."

मरून म्हाताऱ्या बायकांचा रंग आहे, असं तिचं म्हणणं. तिला फिकट गुलाबी हवा होता आणि वर पांढरी फुलं. नवरीपुढे कोणाचं चालतं? मी लावायला घेतला. अंगठ्यावरचं फूल काढत होते तेव्हा ती म्हणाली, "काकी, पयली हळद मला तूच लावायची. मी आईला सांगितलंय."

पिन जरा जास्तच टेकली. एक टिपका फाकला. तो झाकायला पाकळ्या मोठ्या कराव्या लागल्या आणि ते फूल बाकीच्यांपेक्षा थोरलं झालं. दुपारी ट्रंकेतली ठेवणीतली साडी काढून नेसले. आरशात दोनदा बघितलं.

संध्याकाळी मुरबाडची माणसं उष्टी हळद घेऊन आली. मांडवात सवाष्णी पाटाभोवती जमल्या. मी पुढे निघाले तर जाऊ आडवी आली. "चहाचं बग गो जरा. पावन्यांना उशीर नको."

विधवेला तोंडावर कोणी जा म्हणत नाही. तिला काम सांगतात.

चुलीपाशी उभं राहिलं की दारातून पाट दिसत होता. आंब्याच्या पानाने एकेक सवाष्ण हळद लावत होती. पुतणीने मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं, अगदी सरळ माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलेल. तेवढ्यात फोटोवाल्याने "इकडे बघा" म्हटलं आणि ती तिकडे बघून हसली. चहा उतू गेला.

मग हाक आली. "काकी! काकीला बोलवा कोणीतरी!"

पदराला हात पुसत मी धावले. खरंच धावले, या वयात, ठेवणीतल्या साडीत. बायकांनी वाटसुद्धा करून दिली. पुतणीने दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"बग ना काकी, सगळी फुलं पिवळी झाली. पूस ना. एवढे फोटो राहिलेत."

मी सकाळी सांगितलं होतं हे तिला आठवत नव्हतं. आणखीही काही आठवत नव्हतं. मी घरातून कापूस, रिमूव्हर आणि रंगाच्या बाटल्या आणल्या, मांडवात तिच्या पाटाशी बसले आणि एकेक बोट हातात घेऊन पुसलं. तिच्या हातांची ओली हळद माझ्या तळव्यांना, मनगटांना लागत होती. भोवतीच्या एकाही सवाष्णीने हरकत घेतली नाही. लावायला माझा हात चालत नव्हता, काढायला चालला. कामापुरता मामा ऐकलं होतं, मी नखांपुरती काकी निघाले. थोरलं फूल सगळ्यात शेवटी पुसलं. मग पातळ हात, सुकायची वाट आणि पुन्हा टिपके. या वेळी एकही फाकला नाही.

उठताना जाऊ कानाशी पुटपुटली, "हात धू गो आदी. कोनी बगेल."

नाही धुतले. तशाच हातांनी पाहुण्यांना चहा द्यायला गेले. मुरबाडकडच्या एका म्हातारीने कप घेताना माझे हात बघितले.

"तू कोन गो पोरीची?"

"काकी."

"लावलीस ना हळद?"

जाऊ बिस्किटांचं ताट घेऊन माझ्या मागेच उभी होती. मी दोन्ही तळवे म्हातारीपुढे धरले. "ही काय, बगा ना."

"बरं केलंस," म्हातारी म्हणाली. "काकीची लागायलाच हवी."

जाऊ ताट घेऊन पुढच्या पाहुण्यांकडे वळली. मी रिकामे कप गोळा करायला लागले.