देवरे सर आणि बाजरीचं भांडण

देवरे सर रोज सकाळी स्वयंपाकखोलीच्या दारात यायचे आणि माझी भांडी वर्गातल्या प्रयोगांना उचलून न्यायचे. आमची शाळा सायखेड्याच्या पुढे, वस्तीवरची. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पोरांची खिचडी शिजवायला मी. परात गेली की मी तांदूळ कशात निवडायचे, हे त्यांच्या ध्यानात येत नसे. परत यायची तेव्हा तिला मेण चिकटलेलं असायचं, नाहीतर गुळाचा पाक वाळलेला. खरवडायचं मी.

ते सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखं बोलायचे, पण खूश झाले की तोंडात ‘आहे’च्या जागी तिकडचं ‘शे’ यायचं. पोरांना उत्तर सांगायचं नाही, असा त्यांचा नेमच होता. “आधी हात लाव, मग तोंड उघड,” म्हणायचे. थंडीत खोबरेल तेल गोठलं तर आपण बाटली चुलीजवळ ठेवतो आणि विषय संपतो. सरांनी ती बाटली वर्गात फिरवली. एकेका पोराने काखेत धरून बघितली, त्यात अर्धा दिवस गेला. मी चौथी शिकले. आमचे गुरुजी सांगायचे आणि आम्ही घोकायचो. मला हा सगळा पोरखेळ वाटायचा.

एकदा वर्गात घट्ट काय आणि पातळ काय, हे चाललं होतं. दगड घट्ट, पाणी पातळ, इथपर्यंत ठीक. मग तिसरीतली कावेरी उठली आणि म्हणाली, बाजरी पातळ. ओतली की वाहते, ज्या भांड्यात घालाल तशी बसते. झालं, निम्मी पोरं तिच्या बाजूला, निम्मी विरुद्ध. सर चकार शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरांनी घरून बाजरी आणली आणि भांडण पुढे चालू.

त्याच दुपारी कावेरीचे वडील, भाऊसाहेब, पिकअप घेऊन शाळेत आले. ओझरकडच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस तेव्हा वस्तीपर्यंत यायला लागली होती आणि आमची पोरं एकेक करून तिच्यात चढत होती. आणखी दोन गेली तर दुसऱ्या शिक्षकाची जागा बंद होणार होती, आणि दुसरे शिक्षक म्हणजे देवरे सर. भाऊसाहेबांची दोन पोरं आमच्याकडे. हे सगळं सरांना ठाऊक होतं.

भाऊसाहेब म्हणाले, “सर, पोरगी घरी सांगते बाजरी पातळ हाय. सगळी भावकी हसली. तुम्ही तिला फक्त एवढं सांगा, बाजरी घट्ट हाय. मी जातो.”

सर म्हणाले, “एक दिवस थांबा, भाऊसाहेब. पोरांचं अजून ठरलं नाही.”

“पोरांनीच ठरवायचं, तर तुम्हाला पगार कशाचा?”

सरांनी मान खाली घातली, पण ते वाक्य काही तोंडातून काढलं नाही. भाऊसाहेब दोन्ही पोरांना पिकअपमध्ये बसवून घेऊन गेले. मी हातातला झारा तसाच घेऊन वर्गात गेले आणि विचारलं, एका वाक्याने तोंड झिजणार होतं का?

“मावशी, मी सांगितलं असतं तर कावेरी गप्प बसली असती.”

“गप्प बसली असती, पण इथं बसली असती,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोरांनी ठरवलं. बाजरी ताटात ओतली तर तिचा ढीग झाला. पाणी ओतलं तर ते पसरलं, ढीग काही होईना. मग त्यांनी एक दाणा दाताखाली धरला. प्रत्येक दाणा म्हणजे बारका खडाच, असं त्यांचं म्हणणं पडलं. सर मांडीवर थाप मारून “आसं शे!” म्हणाले आणि त्यांनी कावेरीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. तिथे बघून काय होणार होतं?

जागा बंद झाली. सरांची बदली पेठच्या डोंगरात झाली. जाताना त्यांनी बाटल्यांचं खोकं मोटारसायकलला बांधलं. त्यात माझी पळी होती, ती मी काढून घेतली. ते म्हणाले, येतो मावशी. मी म्हणाले, या. ते परत आले नाहीत.

पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी कावेरी मला रस्त्यावर भेटली. गळ्यात टाय, पाठीला हे एवढं दप्तर, बसची वाट बघत होती. मला बघून जवळ आली.

“मावशी, बाजरीचं काय ठरलं?”

मी काही सर नाही. मी सांगून टाकलं. तिचा ढीग होतो, पाण्याचा होत नाही, म्हणून ती घट्ट.

पोरगी म्हणाली, “काकवीचा पण होतो की ढीग. जरा वेळ राहतो, मग बसतो. मग ती कोण?”

काकवी मी जन्मभर वाढत आले. भाकरीवर धार सोडली की मधे उंचवटा होतो आणि हळूहळू खाली जातो, हे मला माहीत होतं. ती कोण, हे मी कधी विचारलं नव्हतं. तुझ्या बाईंना विचार, असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली, बाई म्हणतात धड्यात नाही ते विचारायचं नाही.

बस आली आणि ती चढली. मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मला त्या माणसाचा भयंकर राग आला. हा प्रश्न ऐकायला ते इथे असायला हवे होते. एक वाक्य बोलले असते, तर असते.