आबांनी सांभाळलेली चुकार मेंढी

मी लिहावं एवढा मोठा झालेलो नाही, हे आधीच कबूल करतो. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मी, आणि पुण्यात येऊन जेमतेम दीड वर्ष झालंय. तरी गावाकडच्यांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीच्या स्टँडवर आबा, म्हणजे माझे वडील, मला सोडायला आले, ते मेंढरं चुलत्याच्या हवाली करून. खांद्यावर घोंगडं तसंच होतं. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "समजलं न्हाय तर इचार. गप बसू नको."

मी गपच बसलो. पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झालो. पुन्हा नापास झालो तर हॉस्टेलची जागा जाणार होती, आणि जागा गेली की कॉलेज संपलं. चूक एकच, पण ओळीओळीत. माणूस असो, झाड असो, कुत्रं असो, मी सगळ्यांआधी 'द' (the) लावायचो. 'अ' (a) सुचायचाच नाही. इंग्रजीच्या मॅडम म्हणायच्या, "अरे, तुला ते कुत्रं माहीत आहे. वाचणाऱ्याला कुठं माहीत आहे?" नियम पाठ केले, तरी हात 'द'कडेच जायचा.

दिवाळीत घरी गेलो. आबा मेंढरं मोजत नाहीत, तोंडं बघतात. संध्याकाळी कळप वाडग्यात, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, शिरताना ते थबकले.

"एक मेंढी आलीय चुकून."

"कुणाची?" आईनं चुलीपासून विचारलं.

"म्हाईत न्हाय. यील कुणीतरी इचारत."

सकाळी तेरखेड्याकडून एक म्हातारा आला. आबांनी मेंढी दाखवली नाही. आमच्याकडं तशी रीतच आहे. "तुमची कशी हाय ते सांगा आधी," म्हणाले. म्हाताऱ्यानं चिरलेला कान सांगितला, गुडघ्यावरचा पांढरा ठिपका सांगितला. मग आबा आईला म्हणाले, "आण ती मेंढी."

मी बघतच राहिलो. रात्रभर ती नुसती 'एक' होती, ओळख पटल्यावर 'ती' झाली. आमच्या घरात सगळंच ओळखीचं, म्हणून माझ्या वहीत जिकडं तिकडं 'द'. वाचणाऱ्याला आधी ओळख करून द्यावी लागते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मेंढ्या राखून इंग्रजी येतं व्हय? मग तुझे आबा सायबच की."

पुण्याला परतल्यावर तीच गोष्ट इंग्रजीत लिहिली आणि पहिल्यांदाच मॅडमच्या टेबलाशी जाऊन विचारलं, "बरोबर आहे का?" त्यांनी दोनदा वाचलं. लाल पेन उघडलंच नाही.

पुन्हा परीक्षा दिली. गेल्या आठवड्यात निकाल लागला. इथं निकालाच्या बोर्डावर नाव नसतं, मी अजून नुसता एक परीक्षा नंबर आहे. तो नंबर पास होता. फोन लावला.

"आबा, निघालो इंग्रजीत."

"म्हंजी गप बसला न्हाईस."

मग फोन कानापासून लांब धरून त्यांनी रानातल्या लोकांना हाळी दिली, "पोरगं पास झालं."

कुणाचं, ते कुणी विचारलं नाही.