उरका मॅडम आणि दादाचं पोट

रुग्णालयाच्या मैदानात दोन बस एकमेकींवर आदळल्याचं नाटक चाललं होतं. विद्यार्थीच जखमी, विद्यार्थीच डॉक्टर. लाल रंग फासून पडलेल्या मुलीशेजारी एक भावी डॉक्टर उकिडवा बसून तिची निवांत विचारपूस करत होता.

"उरका!" मॅडम कडाडल्या. "श्वास बघा, नाडी बघा, फीत बांधा, पुढे चला. तुम्ही इथे गप्पा मारताय, तिकडे दुसरा जातोय!"

मोठ्या अपघातात जखमींना रंगीत फिती बांधून कुणाला आधी उचलायचं, हे शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. पोरं पाठीमागे त्यांना 'उरका मॅडम' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. जेवणसुद्धा त्या उभ्याउभ्याच उरकत.

फोन वाजला. वहिनी होती. "वन्सं, ह्यांना परत हुडहुडी भरलीय. हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत."

दादा, म्हणजे आई गेल्यावर त्यांच्या वेण्या घालून देणारा थोरला भाऊ, वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात होता. पित्ताचा खडा अडकून स्वादुपिंड सुजलं, त्याचा एक भाग मेला आणि आता तिथे पू धरला होता. जिना चढता चढता मॅडमनी दुसऱ्या रुग्णालयातल्या बड्या सर्जनला फोनवर गाठलं. तो म्हणाला, "आणा, लगेच पोट उघडतो." त्यांनी ॲम्ब्युलन्सही सांगून टाकली. इथल्या डॉक्टरांना आधी विचारावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

खाटेपाशी इथला सर्जन उभा होता. त्यांचाच जुना विद्यार्थी, स्वभावाने गोगलगाय.

"मॅडम, हलवू नका. आज पोट उघडलं तर मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं, तेच कळणार नाही. रक्त आवरणार नाही. आता कुशीतून नळी घालून पू काढू. मेलेल्या भागाभोवती पडदा धरून तो वेगळा झाला की मग पुढचं बघू."

"कधी धरणार पडदा?"

"काही आठवडे लागतील."

"आणि तोवर तो गेला तर?"

"जाऊ शकतात," तो म्हणाला. "आज कापलं तर जाण्याची भीती जास्त."

ॲम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन दारात आली. वहिनीने डोळे पुसले. "वन्सं, तुम्ही सांगाल तिथे सही करते."

मॅडमनी खाटेच्या चाकाचा ब्रेक पायाने सोडवलासुद्धा होता. दादाला वाचवायचं होतंच, पण त्याहून जास्त हे असं बघत राहणं त्यांना संपवायचं होतं. हे ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी ब्रेक पुन्हा दाबला. "नळी घाला. गाडी परत पाठवा."

नळीतून करडा, दाट पू निघाला. संध्याकाळपर्यंत ताप थोडा उतरला, पण धोका टळला असं कुणीच म्हणेना. दादाने डोळे किलकिले केले.

"कापलं का गं?"

"नाही. थांबायचंय."

"तुला जमेल?"

"नाही जमत रे, दादा," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसल्या.