माझ्या वाटचं चालणं

माझे पाय लटपटायला लागले आणि आमच्या देवासच्या घरातली बाकी सगळी माणसं चालायला लागली. गंमत करत नाहीये. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी तिशीच्या उंबरठ्यावर, आणि माझा मुक्काम बैठकीच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर. चालत होते ते सासूबाई, मामंजी म्हणजे माझे सासरे, आमचे हे आणि तिकडे धारला माझा भाऊ. सगळे माझ्यासाठी चालत होते.

आधी एक डोळा धुरकट झाला आणि आपोआप निवळला. मग डावा पाय. सायकलवरून उतरले तर पाय जमिनीला टेकला की नाही तेच कळेना. चप्पल मागेच राहिली, तेही सब्जीवाल्याने "भाभीजी, चप्पल!" म्हणून हाक मारली तेव्हा कळलं. इंदूरला तपासण्या झाल्या, सलाईनमधून औषधं गेली आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण आपलंच शरीर कुरतडतं, म्हणाले. कधी उसळेल, कधी गप्प बसेल, भरवसा नाही. आणि शेवटी म्हणाले, "देखिए, आराम भी ज़रूरी है, और चलना-फिरना भी उतना ही ज़रूरी है. बस गर्मी से बचना और थकने से पहले रुक जाना." आमच्या घरच्यांनी त्यातला आराम तेवढा उचलला आणि परतीची बस पकडली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातातली एकेक वस्तू काढून घेतली गेली. आधी झाडू, मग पोळपाट-लाटणं, शेवटी पाण्याचा तांब्यासुद्धा. मी जरा उठायला गेले की स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज, "अगं अगं अगं! काय हवंय? मी देते ना!" मला काही नको असायचं हो, मला नुसतं उठायचं असायचं. कॉलनीतल्या बायका भेटायला येत. सगळ्यांचे नवरे इथल्या कारखान्यांत, माहेरं अमरावती नाहीतर जळगाव. सासू सुनेच्या उशाशी चहा आणून ठेवते हे बघून त्यांचे डोळेच विस्फारत. एक जण तर उसासा टाकून म्हणाली, "नशीब काढलंस गं बाई!" मनात आलं, घेऊन जा की मग, पलंगासकट.

त्यात नवस सुरू झाले. सासूबाईंनी टेकरीवरच्या मातेला शब्द दिला, दर मंगळवारी पायी चढून येईन, आणि सून बरी झाली की तिला पायी चढवून तुझी ओटी भरवीन. मामंजींनी पहाटे अनवाणी मारुतीला जायचं ठरवलं. घराच्या मागेच एक मारुती होता, पण त्यांनी पार गावाबाहेरचा निवडला. जवळच्या देवाला किंमत नसते म्हणे. आमच्या ह्यांनी साखर सोडली आणि स्कूटरही सोडली, कारखान्यापर्यंत पायी. भावाने धारला रोज टेकडीवरचं देवीचं देऊळ चढायचं पत्करलं आणि तसं फोनवर कळवलं, म्हणजे मी निश्चिंत पडून राहावं.

वर्षभरात चमत्कार झाला. सासूबाईंची शुगर उतरली. पूर्वी गच्चीवर पापड वाळत घालायला गेल्या की मधल्या पायरीवर "हे देवा" म्हणून टेकायच्या, त्या आता टेकरी चढून आल्यावर पुन्हा दळण टाकायला जात. मामंजींचं पोट सपाट झालं. ह्यांच्या पँटी कमरेत आत घ्याव्या लागल्या. जो तो मला येऊन सांगे, तुझ्यासाठी चालतोय बघ! मी म्हणे, दिसतंय. माझ्या वाटचं चालणं त्यांनी आपसात वाटून घेतलं होतं आणि त्याचा गुण ज्याचा त्याला येत होता.

अगदी जीव नकोसा झाला तेव्हा मी माहेरी जायचा हट्ट धरला. धारचं आमचं घराणं संस्थानच्या जुन्या नोकरीतलं. तिथे कोणी कुणाचे फारसे लाड करत नाही, तेव्हा तिथे तरी मोकळं फिरू देतील असं वाटलं. कसलं काय! रिक्षा गल्लीत शिरली न शिरली तोच भावाने मला दोन्ही हातांवर उचललं. पानवाला ठेला सोडून धावत आला, "क्या हुआ भिया, एक्सीडेंट?" आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी. त्या मुक्कामात मी माहेरची जमीन पायाने पाहिली ती फक्त न्हाणीघरात.

देवासला परतले त्या आठवड्यातली गोष्ट. घरात मी एकटी होते आणि गॅसवाल्याने बेल वाजवली. दार समोर दिसत होतं. मी उठले आणि धपकन खाली बसले. पुन्हा उठले, पुन्हा तेच. पाय बधिर नव्हते, त्यांत जोरच उरला नव्हता. गॅसवाला दोनदा बेल वाजवून निघून गेला आणि मी पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडले. आजार जे नेईल ते नेईल, त्यावर माझा इलाज नव्हता. पण हे आजाराने नेलेलं नव्हतं. असंच चालू राहिलं तर माझं चालणं कायमचं जाणार होतं, आणि तेही लाडापायी.

इंदूरच्या डॉक्टरांनी मांडी दाबून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ये बीमारी नहीं है, ये पलंग है. ये चलती क्यों नहीं?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "डाक्टर साब, मैं चढ़ती हूँ न इसके लिए, हर मंगलवार." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "माताजी, फिर तो आप ज़रूर ठीक हो जाएँगी." परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी शेजारच्या बाईला सांगितलं, "इंदूरच्या एवढ्या मोठ्या डॉक्टरने माझी तारीफ केली!"

मग मी चोरून चालायला लागले. सोय उत्तम होती. पहाटे सगळे माझ्यासाठी चालायला बाहेर पडले की घर रिकामं; मंगळवार नसला तरी सासूबाई आता मामंजींबरोबर मारुतीला जात. भिंतीला हात लावून बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथे स्टुलावर बसायचं, दम खायचा, परत यायचं. उन्हाळ्यात गळ्याभोवती ओला पंचा, कारण अंगात ऊब चढली की पाय लगेच संप पुकारत. एखाद्या दिवशी काहीच जमत नसे. त्या दिवशी पडल्या पडल्या पाय हलवायचे आणि स्वतःवर चिडायचं नाही. मी चिडायचेच. पण हळूहळू पायांत जीव येत गेला, आणि एके सकाळी सासूबाई वेळेआधी परतल्या तेव्हा मी स्टुलावर बसून पोळ्या लाटत होते.

काय कालवा केला म्हणून सांगू! "पडलीस म्हणजे? लोक मला काय म्हणतील? आजारी सुनेला राबवते म्हणतील!" मी म्हटलं, "आई, पुढच्या मंगळवारी मला टेकरीवर न्या." त्या म्हणाल्या, "तसं नाही चालत. बरी झालीस की चढायचं, असं बोललेय मी. आत्ताच चढलीस तर मातेची फसवणूक होईल."

हातातलं लाटणं मी खाली ठेवलं. इतके दिवस आमच्या घरात जे कुणी उच्चारलं नव्हतं ते मला म्हणावं लागलं. "आई, मी बरी होणार नाहीये. हा आजार जात नाही. बरी व्हायची वाट पाहिली तर मी कधीच चढणार नाही."

त्यांनी पिशवीतला नारळ ओट्यावर आपटल्यासारखा ठेवला आणि आत निघून गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा मात्र यायचा, वेळेवर, कपाखाली बशी आपटून. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, दोन्ही सारखंच.

मंगळवारी उजाडायच्या आत त्यांनी माझं पांघरूण ओढलं. "ऊठ. ऊन व्हायच्या आत जाऊन यायचंय."

थंडीचे दिवस, हवा माझ्या पायांना मानवणारी. पायथ्यापर्यंत रिक्षा, मग पायऱ्या. थोडं चढायचं, बसायचं, थोडं चढायचं. लोक वळून वळून बघत. एक गृहस्थ सहानुभूतीने थबकले, "अम्माजी, बहू को क्यों तकलीफ दे रही हो?" सासूबाई फाडकन म्हणाल्या, "आप अपने घुटने देखो, भिया!" मला हसू आवरेना, आणि हसताना पाय आणखी थरथरले.

निम्म्या वाटेवर डावा पाय अडला. पुढे जाता आलं असतं, पण मग उतरता आलं नसतं. मी कठड्याला टेकून बसले आणि म्हटलं, "आई, आज एवढंच. तुम्ही जाऊन या वर." त्या गेल्या नाहीत. माझ्याशेजारी पायरीवर बसल्या, ओटीचं सामान मांडीवर, आणि तिथूनच वरच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले. मोठ्याने बोलायची सवयच त्यांची, देवाशीसुद्धा.

"माताजी, हिला बरी कर असं आता म्हणणार नाही. पुढच्या मंगळवारी हिला इथपर्यंत येऊ दे. बाकी काही नको."

मग पदराने डोळे पुसले, उठल्या आणि साडी झटकली. सवयीने मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. दोन्ही हात पाठीमागे घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ऊठ," म्हणाल्या. "तुझी तू ऊठ."