होडीचा कौल

"डावीकडंच गेली बग. म्या म्हनलं न्हवतं?"

शेजारची म्हातारी आपल्या सुनेला हळूच म्हणाली. पण त्या खाणीत हळू बोललेलंही दगडी भिंतींना लागून परत येई, म्हणून वरच्या पायरीवर बसलेल्या मला ते दोनदा ऐकू आलं. समोर हिरव्या पाण्यावर माझ्या वडिलांची चावीची होडी कलत कलत डावीकडे वळली आणि शेंदूर फासलेल्या सात दगडांना नाक टेकून थांबली. पाण्याखाली तिचा पंखा अजून घरघरत होता.

ती लढाईची वर्षं. वडील भिंगारच्या लष्करी वर्कशॉपमध्ये टर्नर होते. आमच्या क्वार्टरच्या मागे दगडाची जुनी खाण होती, कायम पाण्याने भरलेली. ते सात दगड म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या बाया. माणूस एकटा दिसला की ओढून नेतात, म्हणत. सकाळी खाणीवर धुणी चालत, संध्याकाळी वारा सुटे. पाणी अगदी स्थिर मिळे ते भर दुपारी, जेव्हा तिकडे कोणी फिरकत नसे. वडील रविवारी नेमके तेव्हाच होडी सोडत.

होडी हातभर लांब, खोक्याच्या फळ्यांची. पोटात मोडक्या ग्रामोफोनची स्प्रिंग, मागे पितळी पत्र्याचा तीन पात्यांचा पंखा. पाती विड्याच्या पानासारखी रुंद आणि चांगली पिळदार. वर्कशॉपच्या साहेबाने टाकून दिलेली इंग्रजी मासिकं वडील घरी आणत आणि मी त्यांना मराठीत सांगत असे. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीचा घरात तेवढाच उपयोग होता. एका मासिकात स्पष्ट लिहिलं होतं की पाती जितकी रुंद आणि पीळ जितका जास्त, तितका पंखा होडीची शेपटी बाजूला ढकलतो. अरुंद पाती भराभर फिरतात, होडी वेगाने आणि सरळ जाते, फक्त स्प्रिंग लवकर उतरते. वडिलांनी त्यातल्या चित्रावरून दोन अरुंद पात्यांचा एक पंखा कापलाही, पण तो डब्यात टाकून दिला. म्हणाले, "हा काय पंखा? उंदराच्या कानाएवढा! जहाज जहाजासारखं दिसायला नको?"

ते जहाजासारखं दिसलं, हीच अडचण झाली. म्हातारीचा मुलगा पलटणीबरोबर जहाजातून गेला होता. मग पत्रं थांबली. ना मेल्याची तार, ना जिवंत असल्याची खूण. म्हातारी घोडेगावकडची. तिच्या गावात अडलेल्या गोष्टीसाठी देवाला फूल चिकटवून कौल लावायची रीत. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. होडी पाहिल्यावर तिने सुनेजवळ बोलून होडीवरच कौल लावला. उजवीकडे गेली तर पोरगा हाय, डावीकडे गेली तर न्हाई.

त्यानंतर ती दर रविवारी सुनेला घेऊन येऊ लागली, आणि होडी दर रविवारी डावीकडे गेली.

"सुकाणू जरा वाकवा ना," मी घरी म्हटलं.

"आता नाही," वडील म्हणाले. "त्यांनी कौल धरलाय. मी हात लावला आणि उद्या काही झालं, तर कोणाच्या माथी?"

चार माणसांत बोलायला मला कधीच सुचत नसे. नळावर बायका मला मडमबाई म्हणत. एकीने तर विचारलं, "मडमबाई, तुमच्या इंग्रजीत आसरांना काय म्हणत्यात?" सगळ्या हसल्या. हसली नाही ती फक्त शेजारची वहिनी, म्हातारीची सून. ती माझ्याच वयाची होती. त्याच वेळी म्हातारी तिला म्हणाली, "येत्या आयतवारी शेवटचा कौल. डावा पडला तर आसरांनी नेला त्याला. मग बांगड्या फोडायच्या नि तू माहेरला जायाचं." वहिनीने हातांवर पदर ओढून घेतला आणि हंडा उचलला.

वडील कामावर असताना मी डब्यातला अरुंद पंखा काढून होडीला बसवला आणि भर दुपारी एकटीच खाणीवर गेले. चावी दिली, होडी सोडली. ती रेघ ओढल्यासारखी सरळ निघाली, आधी कधी नव्हती इतक्या वेगाने. मी एकटीच हसले. तो पंखा रविवारपर्यंत तसाच ठेवायचा, असं मी ठरवलं.

खाणीच्या मध्यावर स्प्रिंग उतरली. घरघर थांबली, मागची लाट विरली. काठाजवळ एक सुकं पान तरंगत होतं, ते हलतसुद्धा नव्हतं. होडी थोडा वेळ उभी राहिली. मग तिचं नाक हळूहळू डावीकडे वळलं आणि ती आवाज न करता दगडांकडे निघाली. पाण्यावर तरंग उठला नाही. ती दगडांना टेकली आणि तिथेच राहिली.

मला तिकडे जाऊन ती उचलावी लागली. ऊन डोक्यावर होतं, तरी तळाची फळी विहिरीतून काढल्यासारखी गार लागली. पाण्यात वाकून पाहायचं मी टाळलं. सुकाणू सरळच होतं. घरी येऊन मी जुना रुंद पंखा पुन्हा बसवला. अरुंद पंखा परत त्या पाण्यात घालायची मला हिंमत झाली नाही.

रविवारी क्वार्टरच्या सगळ्या बायका आल्या. म्हातारीने दगडांना नवा शेंदूर लावला. वडिलांनी कोणाकडे न बघता चावी दिली. होडी निघाली, कलली, वळली. नाक दगडांना टेकल्याचा बारीक आवाज खाणीत दोनदा आला.

"हात दे," म्हातारी म्हणाली. तिने खालचा एक धोंडा उचलला होता. ती रडत होती, पण तिची मूठ घट्ट होती.

वहिनीने हात पुढे केला. बांगड्या किणकिणल्या. तिने सगळ्यांमधून माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारची ती सरळ रेघ माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि रेघेनंतरचंही आलं. मी पायऱ्या उतरून दोघींच्या मध्ये उभी राहिले.

"थांबा आजी," मी म्हणाले. माझाच आवाज भिंतींवरून परत आला, तरी मी थांबले नाही. "हा कौल नाही. पंखा रुंद आहे, तो होडीची शेपटी उजवीकडे ढकलतो, म्हणून ती डावीकडे वळते. दुसरा पंखा लावला की ती सरळ जाते. मी स्वतः पाहिलंय."