पाओलाचा पाव

ओव्हनमधून या पावाचा वास सुटला की आजही पाओला आठवते आणि माझं डोकं फिरतं. लग्नाआधी दुबईत, अल बर्शात आम्ही दोघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. वसईबाहेरचा माझा पहिलाच ईस्टर होता. ती तिच्या चिलीतला साधा घरगुती पाव करत होती. मैदा मळून झाल्यावर तिने तळहाताच्या कडेने गोळ्यावर क्रूस उमटवला, अगदी माझ्या आईसारखा. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"माझी आईपण असंच करते," मी म्हणाले.

"मग आईकडे जा. माझ्या पिठाजवळ नको. खलास."

नंतर माझ्यासमोर बसून, लोणी लावून, तिने एकटीने पाव खाल्ला. तिलाही घर आठवत असेल, असं आता वाटतं. असेना का. पाव मात्र मी तिचं बघूनच शिकले.

"मम्मा, हू टॉट यू धिस?" लेक विचारते.

"तुझ्या आजीने," मी सांगते.