मधल्या कप्प्यातलं इंजेक्शन

“गोठलं न्हाय न्हवं, सर?”

दारात चप्पल काढता काढताच आमच्या गल्लीतले मिस्त्री विचारायचे. दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी. मग इंजेक्शन उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून आरपार बघायचे. उद्यमनगरच्या फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करणारा माणूस. अर्ध्या सुताचा फरक त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही.

त्यांच्या मोठ्या आतड्याला सूज होती. दिवसातून पंधरा वेळा संडास, त्यात रक्त. गल्लीत कुणी “बाहेरचं खाल्लं असशील” म्हटलं, की भडकायचे. “खाण्याचं न्हाय ओ! आतलीच फौज पिसाळलीया.” मग धंद्याच्या भाषेत समजावायचे. शरीराचे रक्षकच एक निरोप्या प्रथिन सोडतात, ते पेशीवरच्या साच्यात बसलं की आग भडकते. “ह्ये इंजेक्शन त्या निरोप्याला आधीच मिठी मारतंय. मग कशाला बसतोय साच्यात?” मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

तीन वर्षं त्या औषधावर ते ठणठणीत होते. त्यांच्या जुन्या फ्रिजला बर्फ धरायचा, म्हणून इंजेक्शनांचा खोका आमच्या फ्रिजात असे. औषध थंड हवं, पण गोठलं की त्यातलं प्रथिन मोडतं आणि ते कामातून जातं.

एकदा आमच्या घरी म्हाई होती, देवीच्या नावाचं मटणाचं जेवण. मटणाची पातेली, दह्याचे डबे, तीस पाहुणे. जागा करायला मी तो खोका ‘तासाभरासाठी’ वर बर्फाच्या कप्प्यात सरकवला आणि विसरलो. रविवारी सकाळी काढला तर आतली दोन्ही इंजेक्शनं दगड झालेली. तळहातात धरून वितळवली, पुसली, मधल्या कप्प्यात ठेवली. तेवढ्यात मिस्त्री आलेच, नेहमीचा प्रश्न घेऊन.

“न्हाय ओ मिस्त्री, तुमचं आपलं कायतरीच,” मी म्हणालो, वर हसलो.

त्यांनी उजेडाकडे धरलं. स्वच्छ दिसत होतं. विज्ञानाच्या मास्तरानं असा गाढवपणा केला हे सांगायची मला लाज वाटली, दुसरं काही नाही. पंधरा दिवसांनी दुसरं इंजेक्शनही त्यांनी माझ्याच हातून नेलं. पुन्हा तोच प्रश्न, माझं पुन्हा तेच उत्तर.

महिन्याभरात रक्त सुरू झालं. डॉक्टरांकडे मीच सोबत गेलो.

“औषध कधी गोठलं वगैरे होतं का?” डॉक्टरांनी विचारलं.

“सरांच्या फ्रिजात असतंय. त्याची शंकाच न्हाय,” मिस्त्री म्हणाले.

शरीर आता या औषधाला दाद देत नाही, असं ठरवून डॉक्टरांनी ते बदललं. शेजारच्या खुर्चीतून मी हात पुढं करून नव्या औषधाची चिठ्ठी घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. तुम्ही बोलला असता. मीही बोललो असतो, असं मला त्याआधी वाटायचं.

नवं औषध लागू पडलं नाही. आतडं काढावं लागलं, जखमेत संसर्ग झाला आणि मिस्त्री गेले. माझ्यामुळेच गेले, असं कुणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. मी याच आधारावर दिवस काढतो.

दिवसकार्याला त्यांच्या बायकोनं मला पाहुण्यांसमोर पुढं बोलावलं. “ह्ये सर. सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं केलं ह्यांनी. औषध जपलं त्येंचं.”

आता सांगायचंच, म्हणून मी हात जोडले. “वहिनी, मला माफ करा, मी...”

“माफी कसली ओ? तुमी काय कमी केलंसा?” त्यांनी डोळे पुसले आणि पहिलं ताट माझ्यापुढं मांडायला लावलं.

मी जेवलो.